घुमटातली कानगोष्ट

विजापूरला जायची कल्पना आमच्या ह्यांची. त्यामागचं कपट माझं.

ह्यांचं नाव मेहबूब. नारायण पेठेत जन्मभर पुस्तकं बांधायचं दुकान चालवलं, आणि बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचून काढलं. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी चालेल, पण शेवटचं प्रकरण राहता कामा नये. त्यामुळे डोक्यात माहिती ठासून भरलेली आणि ऐकायला माणूस नाही, अशी ह्यांची अवस्था. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. मला बोलायची सवय, ऐकायची नाही. म्हणून नातवंडं आमच्याकडे राहायला आली तेव्हा सगळ्यात जास्त फावलं ते ह्यांचं.

नातवंडं म्हणजे दुधावरची साय, असं म्हणतात. आमचं दूध गेलं आणि साय तेवढी राहिली. आमची एकुलती एक लेक तरन्नुम तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. आलिया तेव्हा आठ वर्षांची होती, अरफात चार वर्षांचा. जावई इरशाद काही दिवस भिंतीकडे बघत बसून राहिला, मग आखातात दोह्याला नोकरी मिळाली तशी निघून गेला. "मुलं तुमच्याकडे असू देत, अम्मी," म्हणाला. असू देत म्हणे! माझा श्वास त्यांच्यावर चालला होता. लेक गेल्यावर मी अन्नाला शिवत नव्हते. एक दिवस अरफातने आपली खिचडीची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि सांगितलं, तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. पोर संध्याकाळपर्यंत खरोखर उपाशी राहिलं. मग मी जेवले. त्या दिवसापासून जेवतेच आहे.

आणि आता इरशादला मुलं परत हवी होती. गेल्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं, मिरजेच्या एका मुलीशी. मी तिला मिरजवाली म्हणते. नाव घेतल्याने जीभ झिजणार नाही हे मला कळतं, तरी घेत नाही. तिने अरफातला फोनवरून उंट काढायला शिकवला, तो आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. तर दोह्यात मोठं घर झालं होतं, मुलांचे व्हिसा आले होते, शाळेत जागा मिळाली होती. इरशादचा फोन आला तेव्हा मी त्याला मनसोक्त झोडपलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण.

शेवटी तो म्हणाला, "अम्मी, मी ओढून नेणार नाही. तुम्हीच विचारा त्यांना. त्यांना तुमच्याकडेच राहायचं असेल तर हा विषय संपला. मी रविवारी फोन करतो."

"संपला म्हणजे कायमचा?"

"कायमचा. त्यांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मला सांगितलंत, की मी मान्य करेन."

शेजारी बसून हे सगळं ऐकणाऱ्या आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र तिथल्या तिथे डाव मांडायला घेतला. मे महिन्याच्या काहिलीत, घरात, पंख्याखाली चिडचिडलेल्या पोरांना काही विचारायचं नाही. आधी फिरवायचं, खाऊ घालायचं, हसवायचं, आणि परतीच्या गाडीत पोरं दमून मांडीवर आडवी झाली की हळूच विचारायचं. भरल्या पोटी माणूस नाही म्हणत नाही. शाळेत तपासणीला साहेब आले की आम्ही आधी कांदेपोहे पुढे करायचो आणि मग हजेरीपट.

"अगं, ही लाच झाली," हे म्हणाले.

"शैक्षणिक सहल म्हणा."

शैक्षणिक म्हटल्यावर ह्यांच्याने नाही म्हणवत नाही. संध्याकाळपर्यंत विजापूरचा गोल घुमट ठरला, तिकिटं निघाली, आणि मुलांना काय काय दाखवायचं याचं भाषण सुरू झालं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पुणे स्टेशनवर सोलापूरच्या गाडीत बसलो. आलिया अकरा वर्षांची, पण कपाळावर आठ्या चाळिशीच्या. अगदी आईवर गेली आहे. पाण्याच्या बाटल्या भरल्या का, नानांच्या गोळ्या घेतल्या का, तिकिटं फोनमध्ये आहेत तर फोन चार्ज केला का, हे सगळं तिने दोनदोनदा विचारलं. अरफातला एकच काळजी, खिडकीची. तो दर पाच मिनिटांनी उठून दाराकडे किंवा बेसिनकडे पळायचा आणि जाताना बजावायचा, "नानी, जागा धर!" मी त्याच्या जागेवर सरकून बसायचे. तो आला की उठायचे. माझे गुडघे कुरकुरायचे, पण डावाचा भाग म्हणून मी ते गोड मानून घेत होते.

लोणी स्टेशन गेलं तसा ह्यांचा तास सुरू झाला. बरोबर उत्तराला एक चिक्की.

"आपण घरी पाणी पितो ते कुठलं?"

"बाटलीतलं," अरफात म्हणाला.

"त्याच्या आधी?"

"खडकवासल्याचं," आलिया म्हणाली. चिक्की तिला.

"आणि मोरीतून वाहून जातं ते?"

अरफातने खांदे उडवले. मग ह्यांनी हातवारे करून सांगितलं, की ते मुठेत, मुठा मुळेला मिळते, दोघी मिळून भीमेला जातात आणि भीमा उजनीच्या धरणात. भिगवण आल्यावर खिडकीतून ते पाणी लांबवर दिसलं, उन्हाळ्याने आटून मागे सरलेलं, काठाला पांढुरके पक्षी.

"म्हणजे ते पक्षी माझ्या आंघोळीच्या पाण्यात उभे आहेत?" अरफातने विचारलं, आणि आख्खा डबा हसला. समोरच्या बाईने त्याला आपल्या डब्यातली कैरीची फोड दिली. मीही हसले. मनात म्हटलं, सुग्राबी, काम होतंय.

एवढ्यात अरफातने माझ्या पर्समधून फोन काढून इरशादला व्हिडिओ कॉल लावला. "अब्बू, बघा, फ्लेमिंगो! माझ्या पाण्यात उभेयत!" पलीकडून इरशाद हसल्याचा आवाज आला, मग मिरजवालीचा. अरफात फोन काचेला लावून त्यांना पक्षी दाखवत होता आणि त्याचा चेहरा असा उजळला होता, की माझ्या चिक्कीने, कैरीने, खिडकीने तो तसा उजळला नव्हता.

"रेंज जाईल आता. ठेव," मी म्हटलं.

"आहे ना रेंज."

"ठेव म्हटलं ना."

त्याने ठेवला. आलियाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि फोन त्याच्या हातातून घेऊन माझ्या पर्समध्ये टाकून चेन लावली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

सोलापूरला गाडी बदलली. पुढे स्टेशनांच्या पाट्यांवर कानडी अक्षरं यायला लागली, तेव्हा अरफातने ती वाचल्याचं नाटक केलं आणि प्रत्येक स्टेशनचं नाव 'जिलबीपूर' ठेवलं. पुन्हा भीमा लागली. ह्यांनी टोपी काढून तिला सलाम केला. संध्याकाळी विजापुरात उतरलो, तर लांबून तो घुमट दिसत होता, एवढा मोठा की शेजारची झाडं कोथिंबिरीच्या जुडीएवढी वाटावीत. आलिया माझ्या दंडाला धरून चालत होती. "नानी, खूप छान आहे ट्रिप," ती म्हणाली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि रविवारची वाट पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सगळ्यांना लवकर उठवलं. उशीर झाला की सहलीची पोरं येतात, शिट्ट्या मारतात, आणि मग आतमध्ये काही ऐकू येत नाही म्हणे. घुमटाच्या चारी कोपऱ्यांना मनोरे आहेत, त्यांच्यातून अरुंद, उंच पायऱ्यांनी वर जायचं. वर घुमटाच्या आतल्या अंगाने गोल सज्जा आहे. तिथे एका टोकाला भिंतीला तोंड लावून कुजबुजलं, की शब्द भिंत धरून फिरत फिरत समोरच्या टोकाला जातो, आणि तिथे भिंतीला कान लावलेल्याला शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू येतो. हे ह्यांनी आम्हाला खालीच दगडावर बोट फिरवून समजावलं.

"एकाने इकडे, एकाने तिकडे. मध्ये खोल दरी आणि तरी कानगोष्ट!" ह्यांना इतका आनंद झाला होता, जणू घुमट ह्यांनीच बांधलाय.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मी इथे बसून कबरीतल्या बादशहाला सोबत करते. त्यालाही बऱ्याच दिवसांत कुणी बोलायला भेटलं नसेल."

ते तिघं गेले. मी खाली गारव्याला बसले. थोड्या वेळाने वरून अरफातचं हसू आलं. एकदा हसला असेल, पण घुमटाने ते पुन्हा पुन्हा हसून दाखवलं. माझ्या वर्गातली पोरं माझ्याशिवाय हसलेली मला जन्मात कधी खपली नाहीत. उठले, पदर खोचला, आणि त्या पायऱ्या चढायला लागले. प्रत्येक मजल्यावर थांबले, भिंतीला टेकले, ह्यांना आणि त्या बांधणाऱ्यालाही नावं ठेवली, आणि पोचले एकदाची.

सज्ज्यात अंधूक उजेड होता. पारवे घुमत होते. दाराच्या जवळच अरफात भिंतीला कान लावून उभा होता. पार समोर, दरीपलीकडे, आलियाचा पिवळा कुर्ता दिसत होता. हे बाहेर गच्चीवर जाऊन गावाकडे बघत उभे होते. मला पाहून अरफातने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! ताई सीक्रेट सांगणारे." मग पायाला पाय घासत म्हणाला, "नानी, मला शू लागलीये. जागा धर!" आणि ह्यांच्याकडे धावला. एकमेकांचा हात धरून दोघं मनोऱ्यातून खाली निघालेले मला दिसले.

मी जागा धरली. दोन दिवस तेच तर करत होते. पाय आखडले होते म्हणून खालीच बसले, आणि बसल्या बसल्या भिंतीला कान लावला. समोर आलिया माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरून भिंतीशी वाकली होती. तिने मागे वळून पाहिलं असतं तर काहीच घडलं नसतं.

"अरफात, ऐकू येतंय का?" भिंत म्हणाली. इतक्या जवळून, की माझ्या कानाला गुदगुली झाली. "नीट ऐक. उद्या ट्रेनमध्ये नानी आपल्याला विचारणार आहे. मी ऐकलंय त्यांचं बोलणं. तू सांगायचं, इथेच राहायचंय. अब्बूंकडे नाही जायचं. रडायचं पण नाही."

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. मी भिंतीला आणखी चिकटले.

"मला माहितीये तुला जायचंय. मला पण जायचंय. मला रोज रात्री अब्बूंची आठवण येते, मी सांगत नाही. पण आपण गेलो ना, तर नानी परत जेवणं बंद करेल. अम्मी गेली तेव्हा केलं होतं तसं. तू छोटा होतास. मी बघितलंय. ती मरून जाईल, आणि ते आपल्यामुळे होईल."

मधेच पारव्यांचा आवाज आला.

"तर आपण थांबायचं. नाना-नानी म्हातारे आहेत. ते वारले ना, की मग आपण अब्बूंकडे जाऊ. तेवढंच थांबायचंय. किती ते मला माहीत नाही. पण तोपर्यंत नानीला कळू नाही द्यायचं. प्रॉमिस?"

मी कान भिंतीवरून काढला नाही.

"अरफात, प्रॉमिस म्हण ना."

मी तोंड भिंतीकडे नेलं. काय म्हणणार होते कोण जाणे. तसंच मागे घेतलं. कसंबसं उठले, भिंतीपासून लांब झाले आणि दारात येऊन उभी राहिले, आत्ताच आल्यासारखी धापा टाकत. धापा टाकण्यासाठी नाटक करावं लागलं नाही. आलिया वळली, मला पाहिलं, आणि सज्ज्याला वळसा घालून धावत आली.

"अरफात कुठाय?"

"खाली. शू लागली होती म्हणे. पायऱ्यांत भेटला."

"म्हणजे कधीचा गेलाय?"

"मी काय घड्याळ लावून बसले होते? मी आत्ता चढून येतेय, जीव गेला माझा."

जीव गेला म्हटल्यावर तिने पटकन माझा हात धरला आणि बाटलीतलं पाणी दिलं. ते पाणी मी प्यायले. तिच्या हातून ती बाटली घेताना मला वाटलं, आता इथेच हंबरडा फोडावा आणि हा घुमट तो सगळ्या विजापूरला ऐकवेल. नाही फोडला. खाली उतरून आम्ही चौघांनी फोटो काढला. त्यात मी हसतेय.

त्या दिवशी आणखी काय काय पाहिलं मला सांगता येणार नाही. ह्यांनी तोफ दाखवली, विहीर दाखवली. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. ते वारले ना, की मग आपण जाऊ. पोरीच्या मनात तिळभरही वाईट नव्हतं. माझ्यावर माया होती म्हणून तर ती असं बोलली. पण उद्या मला साधा ताप आला तर ती उशाशी बसेल, पट्ट्या बदलेल, आणि मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी विचारेल, आता का? मग तेवढ्यासाठी स्वतःला जन्मभर शिव्या देईल. माझ्या मरणाची वाट बघायला लागावं असं लेकरू मला नको होतं. लेक गेली, त्यात माझा काही इलाज नव्हता. हे माझ्या हातात होतं.

प्रेमाने सांगावं, असंही मनात आलं. जा बाळांनो, मी नीट जेवेन, माझी काळजी करू नका. पण आलियाला मी ओळखते. तेवढ्या गोड बोलण्यातच तिला कळलं असतं, की नानी आतून मोडलीय. ती गेलीच नसती. आणि मी ऐकलं म्हणून सांगितलं असतं, तर लाजेने माझ्या पदराला आणखी घट्ट चिकटली असती. आणि ह्यांना सांगायची तर सोयच नव्हती. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दौंड येईपर्यंत डब्यातल्या सगळ्यांना कळलं असतं.

रविवारी सोलापूरहून परतीच्या गाडीत बसलो. मुलांना खिडक्या दिल्या होत्या. कुर्डुवाडी गेलं तसं हे मला कोपराने ढोसायला लागले. मी बाहेर बघत राहिले. शेवटी ह्यांनीच घसा खाकरला.

"बाळांनो, एक विचारायचंय. तुमच्या अब्बूंची इच्छा आहे, की तुम्ही तिकडे यावं, त्यांच्याकडे राहावं. पण ते म्हणालेत, मुलं म्हणतील तसं. तर मनात असेल ते सांगा. कुणी रागावणार नाही."

आलियाने एक क्षणही घेतला नाही. धडा पाठ केलेल्या पोरीसारखी म्हणाली, "आम्हाला पुण्यातच राहायचंय. तुमच्याकडे. हो ना अरफात?"

लॉजवर तिने त्याला पुन्हा पढवलं असणार. मी त्याची जागा धरली होती, हे त्याच्या डोक्यातून कधीच गेलं असावं. त्याने खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं. "हो," म्हणाला. त्या 'हो'मध्ये त्याचा जीव नव्हता. पण ते ह्यांच्या ध्यानातच आलं नाही. ह्यांनी दोघांना एकदम मिठीत ओढलं, टोपी खाली पडली, डोळे वाहायला लागले. "सुग्रा, ऐकलंस? अगं, ऐकलंस का? इथेच राहायचंय म्हणतात!"

माझा डाव मी जिंकले होते. आता नुसतं गप्प बसायचं होतं. फोन आला की इरशादला सांगायचं, आणि विषय कायमचा संपणार होता. आलिया बारावी होईपर्यंत, अरफातला मिसरूड फुटेपर्यंत सकाळी डबे मी भरले असते. मला ते फार हवं होतं.

"मला कुणी विचारलं का?" मी म्हटलं.

हे हसतच माझ्याकडे वळले. "तुला काय विचारायचं?"

"का? डबे कोण करतं? युनिफॉर्म कोण धुतं? पालकसभेला बाकावर कोण बसतं? एक मूल वाढवलं, झालं ते. मी निवृत्त झाले ते काय घरात पुन्हा शाळा उघडायला? बाप आहे ना त्यांचा, धडधाकट? त्याने सांभाळावं."

आलियाचं तोंड उघडं राहिलं.

अरफातने गजावरून कपाळ उचललं. "म्हणजे आम्ही अब्बूंकडे जायचं?"

"हो."

"खरंच?" त्याने घाबरून बहिणीकडे पाहिलं, मग त्याला आवरेना. हसू त्याच्या गालांवर, कानांपर्यंत पसरलं. त्याने ते हाताने झाकायचा प्रयत्न केला. तेवढ्या एका हसण्यासाठी मी पुढचं सगळं बोलू शकले.

आणि बोलावंच लागलं, कारण आलिया म्हणाली, "तू खोटं बोलतेयस."

ती माझ्या डोळ्यांत बघत होती. तिच्या आईचेच डोळे. आणखी थोडं थांबले असते तर तिने माझ्या मनातलं वाचलं असतं. मग मी ते बोलले, जे बोलल्यावर तिला माझ्यासाठी थांबायला काही कारण उरणार नव्हतं.

"खोटं कशाला बोलू? तुमच्याकडे बघितलं की मला माझी लेक दिसते. रोज सकाळी, रोज ताटावर बसलं की. तीन वर्षं घास घशाखाली उतरत नाही माझ्या. तुमच्यासाठी म्हणून गिळते. तुम्ही गेलात की निदान सुखाने जेवेन तरी."

आलिया रडली नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सावकाश निघून गेलं, आणि ती एकदम लहान दिसायला लागली, अकरा वर्षांची मुलगी असते तेवढीच. मग उठली, माझ्या शेजारची आपली बॅग उचलली आणि पलीकडच्या बाकावर अनोळखी बाईजवळ जाऊन बसली. मला तिला ओढून छातीशी धरायचं होतं. मी पर्समधून बडीशेप काढून चघळत बसले.

इरशादचा फोन दौंडच्या आसपास आला. हे घेईनात, म्हणून मी घेतला. "घेऊन जा मुलांना," मी म्हटलं. "त्यांचं काही म्हणणं नाही. आणि माझंही नाही." तो थँक्यू अम्मी, थँक्यू अम्मी करत राहिला. मी रेंज गेल्याचं सांगितलं.

पुढचे दिवस घरात कपाटं उघडण्याचे आणि बॅगा भरण्याचे होते. आलिया माझ्याशी कामापुरतं बोलायची. हे तेवढंही बोलत नव्हते. दुकान कधीच दुसऱ्याला चालवायला दिलेलं, तरी सकाळी उठून तिथे जाऊन बसायचे, संध्याकाळी यायचे. अरफात तेवढा घरभर उड्या मारत फिरायचा आणि मला विचारायचा, दोह्यात उंट रस्त्यावर असतात का. मी त्याला हो म्हणून सांगितलं.

जूनच्या सुरुवातीला इरशाद घ्यायला आला. मुंबईच्या विमानतळाला जायला गाडी सांगितली होती. अरफात मला इतका घट्ट बिलगला, की गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मग आलिया पुढे आली. आलिया मला आयुष्यभर 'तू' म्हणत आलेली. तिने सलाम केला आणि म्हणाली, "येते, नानी. काळजी घ्या."

"घेईन की. आता वेळच वेळ आहे," मी म्हटलं.

ती गाडीत बसली. पाण्याच्या बाटल्या घेतल्या का, पासपोर्ट कुठे ठेवले, हे बापाला विचारत होती. मग इरशादने मागे वळून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला, तशी तिने डोकं मागे टेकून डोळे मिटले. इतक्या वर्षांत मी तिला अशी निवांत टेकलेली पाहिली नव्हती. गाडी वळली आणि गेली.

घरात आलो. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान व्हायची होती. हे खुर्चीवर बसले, टोपी हातात घेऊन. किती दिवसांनी माझ्याकडे तोंड करून बोलले.

"एकच सांग, सुग्रा. खरं सांग. खरंच नको होती का तुला ही मुलं?"

सगळं ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर ह्यांनी मला जवळ घेतलं असतं, आणि आम्ही दोघं मिळून रडलो असतो. पण रोज रात्री हे मुलांना फोन करणार होते. आज नाही, उद्या नाही, पण कधीतरी आलियाचा आवाज जरा ओला लागला असता आणि हे बोलून गेले असते. मग ती पोरगी पुढच्या विमानाने माझ्याकडे निघून आली असती.

"हो," मी म्हटलं. "नको होती."

हे उठले. टोपी घातली, चपला घातल्या आणि मशिदीकडे गेले. मी दार लावून घेतलं आणि तिथेच उंबऱ्याशी बसून तोंडात पदर कोंबून रडले. नमाज आटोपून ते यायच्या आत मला आवरायचं होतं.